आबांचा तारांकित प्रश्न

"चहा झाला आहे काय, असल्यास, त्याचा तपशील काय, आणि नसल्यास, त्याची कारणे काय?"

पुंडलिकनगरच्या आमच्या घरात रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात हा प्रश्न यायचा. विचारणारे आमचे हे. मी खासदारांच्या संपर्क कार्यालयात नोकरीला लागले आणि संसदेत विचारायचे प्रश्न लिहायला लागले, तेव्हापासून ह्यांना ही हुक्की आली होती. एक-दोनदा मीही हसले. मग एक दिवस सांगून टाकलं, "उत्तर पटलावर ठेवलंय, गॅसशेजारी. उचला आणि प्या."

मी मूळची तापट, हे आधीच सांगून टाकते. माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील जिल्हा परिषदेत. अर्ज कसा लिहायचा, खाली काय लिहायचं, कुठं नुसतं 'विनंती' आणि कुठं 'नम्र विनंती', हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी यायचं. त्यामुळं खासदारसाहेबांना मराठी-हिंदी नीट लिहिणारं माणूस पाहिजे असं कळलं, तेव्हा मी गेले आणि त्याच दिवशी खुर्चीत बसले.

साहेब गंगापूरकडच्या शेतकरी घरातले. आडदांड देह, हसणं मोठं, आवाज त्याहून मोठा. गावच्या सभेत माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जायचं. पहिल्यांदाच निवडून आले होते. पण दिल्लीत गेले की ह्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागायचं. पहिल्याच भाषणात ते आपल्या इकडच्या हिंदीत म्हणाले होते, "हमारे इधर पानी की लई बोंब है." समोरच्या बाकांवरचे दोघं-चौघं खदखदून हसले. वाईट मनानं हसले असतील असं नाही, पण साहेबांच्या काळजात ते रुतून बसलं. त्यानंतर ते उठून बोलायचं टाळायला लागले. "ताई, तुम्ही लेखी प्रश्न लिहा," मला म्हणाले, "कागदाला कुणी हसत नाही."

म्हणून मी लिहायला लागले. प्रश्नांत दोन जाती असतात. अतारांकित म्हणजे नुसता लेखी. तुम्ही कागद पाठवायचा, खात्यानं कागदावर उत्तर द्यायचं, संपलं. तारांकित म्हणजे ज्याच्या डोक्यावर चांदणी असते तो. त्याची सोडत निघते, त्यात नाव वर आलं की सभागृहात तुमचं नाव पुकारतात. तुम्ही उभं राहायचं, मंत्र्यानं तोंडानं उत्तर द्यायचं, आणि त्याला तुम्ही वर उलटा प्रश्न विचारू शकता. लेखी उत्तरात खातं सुटून जातं. समोर माणूस उभा असला की सुटणं अवघड जातं.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येणार ते पंचांगात बघावं लागेल, असं आमच्या गल्लीत म्हणायचे. आणि त्याच वर्षांत शहर वाढत होतं. बिडकीनकडं रुंद रस्ते झाले, कारखान्यांची कुंपणं पडली, माळावर प्लॉटचे पांढरे दगड रोवले गेले. एकीकडून शहर फुगत होतं आणि दुसरीकडून आटत होतं. मी मोठ्या हौसेनं पहिला प्रश्न पाण्यावर लिहिला. उत्तर आलं की पाणी हा राज्याचा विषय आहे. दुसरा लिहिला, तोच जवाब. मी साहेबांपुढं कागद आपटला. "म्हणजे मतं देशाची आणि तहान राज्याची होय?" साहेब पोट धरून हसले. म्हणाले, "हेच मला तिथं सुचत नाही बघा."

असं चाललेलं असताना आबा आले.

आबा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उंच, वाळलेले, पांढरी टोपी. सोमवारी कार्यालयात लोकांची रांग असायची. आबा मागून यायचे आणि सवयीनं मोठ्यानं म्हणायचे, "चला, फुडं सरका, मागं मानसं हायेत!" आणि गंमत म्हणजे लोक सरकायचे. त्यांच्या हातात एक हिरव्या झाकणाची प्लॅस्टिकची बाटली होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. आत पिवळसर पाणी.

"ह्ये आमच्या वस्तीचं तीर्थ," म्हणाले. "घ्या, पिऊन बघा."

मी काही प्याले नाही. आबांनाही ते ठाऊक होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांची वस्ती रेल्वेच्या रुळापलीकडं. नोकरीत असताना घेतलेला छोटा प्लॉट, त्यावर दोन खोल्या. वस्तीत पाण्याची लाइन टाकून झालेली, घरोघर नळ बसलेले. रुळाच्या अलीकडं पालिकेची मोठी लाइन, तिला पाणी. पण रुळाखालून पाइप न्यायचा तर रेल्वेची परवानगी लागते, आणि तिची फाइल दोन कार्यालयांमधे फिरत होती. हे म्हणत तो कागद त्यांनी द्यावा, ते म्हणत हा कागद ह्यांनी द्यावा.

"अलीकडं पानी, पलीकडं तोट्या, अन्‌ मधी रूळ," आबा म्हणाले. "बायका हंडे घिऊन रूळ वलांडत्यात. माझी सून पोटुशी हाय, ती बी जाती. गाडी शिट्टी मारती वो, नाय असं नाय. पर डोक्यावर हंडा असला की मागं वळून बघता येत नाय."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी घरी आले, रिकामा हंडा डोक्यावर ठेवला आणि मान वळवून पाहिली. हे म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "गप बसा." खरंच वळवता येत नाही. अख्खं अंग फिरवावं लागतं.

आणि तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. अहो, पाणी राज्याचं असेल, पण रूळ तर देशाचे! पुढच्या सोमवारी आबा आल्या आल्या मी ओरडले, "आबा, तुमचा प्रश्न दिल्लीचा आहे!" रेल्वेच्या रुळाखालून पाण्याची वाहिनी नेण्याचा प्रस्ताव प्रलंबित आहे काय, असल्यास, तपशील काय, परवानगी केव्हापर्यंत मिळेल, आणि नसल्यास, त्याची कारणे काय. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. शेवटाला आले तसे त्यांनी टेबलावर हात मारला.

"हां, ह्ये बेस! कारनं इचारा त्यास्नी!"

मी प्रश्नावर चांदणी लावली आणि पाठवला. सोडतीचं काही सांगता येत नाही. देशभरातले खासदार तेच करत असतात. पण त्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमचं नशीब फळफळलं. रेल्वेचा वार बुधवार. त्या बुधवारच्या यादीत साहेबांचं नाव अगदी वर होतं. म्हणजे पुकारा होणार, नक्की होणार. मी आबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते सोमवार नसताना आले आणि सगळ्या रांगेला बत्तासे वाटले.

"साहेब उभं राहनार म्हना की!" म्हणाले. "मी टीव्हीपुढं बसतो. त्यांस्नी उभं राहिल्यालं बघायचंय मला."

साहेब आतून बाहेर आले. आबांनी त्यांच्याही हातावर बत्तासा ठेवला. साहेबांनी तो तोंडात टाकला, पण चेहरा असा झाला जसा काही कडू काढाच घेतला.

त्यानंतर दोन-चार दिवसांतली गोष्ट. आबा दुपारी जेवले, जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. निरोप आला तेव्हा मला खरं वाटेना. टेबलावर त्यांची बाटली तशीच होती.

साहेब दिल्लीहून शनिवार-रविवारसाठी आले होते. आम्ही दोघं भेटायला गेलो, बाटलीही परत द्यायला बरोबर घेतली. गाडी रुळाअलीकडं लावून चालत पलीकडं गेलो. दोन खोल्या, पुढं छोटं अंगण, अंगणात नळ. तोटी नवीकोरी, चमकत होती. आत बायका बसल्या होत्या. आबांची बायको कोपऱ्यात भिंतीला टेकून. वस्तीत सगळे त्यांना माई म्हणत. ठेंगणी, गोरी, कमी बोलणारी बाई. रडून झालं होतं. साहेब खाली सतरंजीवर बसले. 

मग माई म्हणाल्या, "साहेब, बुधवारी दहावा हाय. कायगावला. तुमी आलं पायजे."

मी बोलून गेले, "माई, बुधवारी तर आबांचाच प्रश्न आहे दिल्लीत! साहेबांना तिथं उभं राहावं लागेल."

माईंनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. त्या सरळ म्हणाल्या, "प्रश्न काय गं बाई, पुन्ना इचारता येईल. दहावा पुन्ना व्हत नाय."

खोलीतल्या सगळ्या माना हलल्या. माझा नवरा असता तर त्याचीही हलली असती. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "येतो, माई."

गाडीत मी तोंड सोडलं. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि ते बरंच आहे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही शहरातल्या. आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर माणूस रुसतं. दहाव्याला नाही गेलं तर माणूस आयुष्यभर विसरत नाही."

"अहो, पण पाइप?"

"कागदी उत्तर तर मिळेलच ना."

"मिळेल! आणि त्याच्याबरोबर वस्तीनं भाकरी खायची का?"

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. आता हे सगळं आठवलं की वाटतं, जगात दुसरीकडं कुठं असं होत असेल का? ज्याचा प्रश्न, त्याच्याच दहाव्यासाठी प्रश्न सोडायचा. आणि त्यात चुकलं कोण? माई चुकल्या म्हणावं तर जीभ वळत नाही. नवऱ्याला निरोप देताना चार मोठी माणसं असावीत, असं कुणाला वाटत नाही?

बुधवारी मी कार्यालयात टीव्ही लावून बसले. अकराला कामकाज सुरू झालं. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न. मग आमच्या प्रश्नाचा क्रमांक आणि साहेबांचं नाव. कॅमेरा साहेबांच्या जागेकडं फिरला. रिकामी. अध्यक्षांच्या आसनावरून दुसऱ्यांदा नाव घेतलं गेलं. मग पुढचा प्रश्न. एवढंच. मंत्र्यांच्या हातातला आमच्या उत्तराचा कागद बाजूला गेला. मी रिमोट खुर्चीवर आपटला आणि रडले. ते रडू रागाचं होतं का आबांचं, मला आजही सांगता येणार नाही.

त्याच वेळी कायगावला काय चाललं होतं, ते संध्याकाळी ड्रायव्हरनं मोबाइलवर दाखवलं. आमच्याकडं दहाव्याला पुढाऱ्यांनी माईकवर श्रद्धांजली वाहायची पद्धत आहे. गोदावरीचं, म्हणजे आमच्या गंगेचं, पात्र कोरडं ठणठणीत. क्रियेसाठी टँकर आणलेला. त्या रेताडात मांडव, आणि मांडवात साहेब बोलत होते. काय बोलले! आबा सोमवारी बाटली घेऊन कसे यायचे, रांग कशी पुढं सरकवायचे, ते सांगितलं. "ज्या माणसानं जन्मभर लोकांना ठिकाणावर पोचवलं, त्याच्या घरी पाणी पोचलं नाही. आज त्याला गंगेवर आणलं तर गंगेतही पाणी नाही. टँकरच्या पाण्यानं आपण आबाला निरोप देतोय, आणि मला लाज वाटते." बाप्ये डोळे पुसत होते. एकजण मागून म्हणाला, "आरं, ह्ये दिल्लीत बोला की वो साहेब!" साहेब तिथं थांबले. त्यांनी घड्याळ पाहिलं. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. घड्याळ पाहिलं आणि खाली बसले.

संध्याकाळी कार्यालयात आले. पायाला वाळू तशीच. माझ्यासमोर बसले.

"झालं का?"

"झालं," मी म्हटलं. "दोनदा नाव घेतलं."

साहेबांनी वाकून पायाची वाळू झटकली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हाला म्हणून सांगतो. सकाळी कायगावच्या रस्त्याला लागलो ना, तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. आबासाठी गेलो हे खरं आहे. पण तिथं उभं राहण्यातून सुटलो, हेही खरं आहे."

मी दिवसभर वाक्यं जुळवून ठेवली होती. चांगली झणझणीत. एकही तोंडातून निघालं नाही. एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसलेला. मी उठले, त्यांना ग्लासभर पाणी दिलं आणि घरी गेले.

लेखी उत्तर मिळालं. प्रस्ताव विचाराधीन आहे. ते मी माईंना वाचून दाखवलं, कारण सुतक फिटल्यावर पुढच्या सोमवारी रांगेत माई उभ्या होत्या. हातात तीच हिरव्या झाकणाची बाटली. आबांसारखं 'फुडं सरका' त्या म्हणाल्या नाहीत. नंबर आल्यावर टेबलाशी आल्या.

"ईचाराधीन म्हंजी?"

"म्हणजे विचार चालू आहे."

"लई दिस चालतो वो ह्येंचा इचार," माई म्हणाल्या. मग थांबून, "त्या दिवशी साहेब तिथं असते, तर काय झालं असतं?"

खोटं बोलणं मला जमलं असतं, पण त्या बाईच्या तोंडावर ते करवेना. मी सांगितलं की मंत्र्याला सगळ्यांसमोर विचारता आलं असतं, केव्हा करता ते सांगा म्हणून. त्यानं दिलेला शब्द नोंदला गेला असता, आणि नोंदलेला शब्द सहज विसरता येत नाही.

माईंनी पदर सारखा केला. "म्हंजी मीच की गं अडवला," म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या. त्यांची सून तोवर बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. म्हणून आता हंडा माईंच्याच डोक्यावर होता. जाताना त्यांची ताठ मान पाहिली आणि मला आबांचं वाक्य आठवलं.

त्या वर्षी एका वर्तमानपत्रानं सगळ्या खासदारांचं प्रगतिपुस्तक छापलं. कुणी किती प्रश्न विचारले, किती चर्चांत बोलले, हजेरी किती. आमचे साहेब तळाशी. वर मथळा, मौनी खासदार. मी तो अंक चुलीत घातला असता, पण आमच्याकडं गॅस आहे. म्हणून रद्दीत टाकला. त्यांच्या रकान्यात कायगावचं भाषण बसणार नव्हतं, हे मला कळत होतं. आणि हेही कळत होतं की तळाची जागा अगदीच खोटी नाही. हेच जास्त झोंबलं.

साहेबांनाही झोंबलं असावं. एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही मंत्री व्हा."

"मी?"

"हो. मी उभा राहतो. तुम्ही उलटी उत्तरं द्या. बघू जमतंय का."

मग आमची तालीम सुरू झाली. मी मंत्री, मीच अध्यक्ष. बोलणं लांबलं की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. साहेब घामाघूम व्हायचे. हिंदी तोंडात यायची आणि दातांत अडकायची. शेवटी मीच वैतागले. "अहो, मराठीत बोला ना! तिथं भाषांतर करणारे बसलेले असतात. आधी कळवलं की झालं."

"मराठीत बोललो तर म्हणतील, ह्याला हिंदीसुद्धा येत नाही."

"म्हणू देत! येत नाहीच तुम्हाला!"

साहेब माझ्याकडं बघत राहिले आणि मग असे हसले की शिपाई दार उघडून बघून गेला. त्या दिवसापासून तालीम मराठीत झाली. पावसाळी अधिवेशनात प्रश्न पाठवला, सोडतीत नाव नाही आलं. हिवाळी अधिवेशनात तेच. लेखी उत्तर दोन्ही वेळा विचाराधीन. पाऊस त्याही वर्षी रुसलेलाच होता. माई दर सोमवारी यायच्या, बाटली ठेवायच्या, उत्तर ऐकायच्या, बाटली उचलून जायच्या.

आणि पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात नाव निघालं. बुधवार, यादीत दुसरं. मी कुणालाच फोन केला नाही. बत्तासे वाटायची भीतीच बसली होती मला.

त्या सोमवारी माई आल्या, पण हातात बाटली नव्हती, नुसत्याच आल्या होत्या. "पुढच्या मंगळवारी आमच्या मालकांचं वरीसश्राद्ध हाय," म्हणाल्या. मी डोक्याला हात लावला. मंगळवारी इथं, आणि बुधवारी सकाळी तिथं. मधे एखादं विमान, तेही निघेल तेव्हा खरं. मी मनात म्हटलं, आलं, पुन्हा आलं.

"माई, साहेबांचं बुधवारी..."

"मला ठावं हाय. तुमच्या शिपायानं सांगितलं, परश्न लागलाय म्हून." त्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. "म्हून तर आले. साहेबांस्नी सांग, येऊ नका म्हनावं. आले तर मी दारातून परत धाडीन. तिथंच बसा म्हनावं. अन्‌ नाव घेतलं की उठा."

मी नुसती मान हलवली. संध्याकाळी साहेबांना फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडं त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "बरं."

बुधवारी मी कार्यालयाला टाळं लावलं आणि रुळापलीकडं गेले. श्राद्धाला आलेले पाहुणे अजून होते. आबांच्या फोटोला आदल्या दिवशीचा हार. माईंनी टीव्हीपुढची जागा मोकळी ठेवून फोटो पाटावर मांडला होता, टीव्हीकडं तोंड करून. सून मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. दारात वस्तीतल्या बायका दाटल्या होत्या. पहिला प्रश्न संपायची वाट बघताना मला इतकं धडधडत होतं की माझ्या पहिल्या बाळंतपणात तेवढं धडधडलं नसेल.

क्रमांक पुकारला. नाव पुकारलं.

आणि साहेब उठले. कोट जरा आखूड झाला होता. त्यांनी समोरचा माईक धरला, खरं तर त्याची गरज नसते. मंत्र्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. साहेब म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी मराठीत विचारतो." आणि मग सावकाश, "आमच्याकडं रुळाच्या एका बाजूला पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला नळ आहेत. बायका डोक्यावर हंडा घेऊन रूळ ओलांडतात. डोक्यावर हंडा असला की मागून गाडी येते का ते वळून बघता येत नाही. हे मला एका कंडक्टरनं सांगितलं. ते आता नाहीत. मागच्या वर्षी हा प्रश्न इथं होता आणि मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. माझा एवढाच प्रश्न आहे. पाइप कधी टाकणार?"

कुणी हसलं नाही. भाषांतर कानात पोचायला जरा वेळ लागतो, तेवढा वेळ शांत गेला. मग मंत्र्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाले की दोन्ही कार्यालयांना एकत्र बसवतो आणि परवानगी देतो, हे माझं आश्वासन आहे. साहेब खाली बसले.

खोलीत एकदम गलका झाला. बायका टाळ्या काय वाजवतात, कुणी पोरगी नाचते काय! मी माईंकडं पाहिलं. त्या पाटाशी वाकल्या होत्या, फोटोवरचा हार नीट करत होत्या. "उठले बघा," त्या आबांना म्हणाल्या. "बघितलं न्हवं?"

परवानगी मिळाली, पण काम व्हायला वेळ गेलाच. मधे निवडणूक आली आणि साहेबांना तिकीट मिळालं नाही. पक्षाच्या बैठकीत म्हणे ते प्रगतिपुस्तकच काढलं होतं. रुळाखालून पाइप गेला तेव्हा दुसरेच लोक फीत कापायला होते. साहेब तोवर गंगापूरला उसात पाणी सोडायला लागले होते, विहिरीला असेल तेव्हा. मीही नोकरी सोडून घरी बसले होते.

एक दिवस माईंचा फोन आला. त्यांना हॅलो वगैरे म्हणायची सवय नाही.

"साहेबांस्नी म्हनावं, आता या."

"माई, ते आता खासदार नाहीत हो."

"म्या खासदाराला कुठं बोलावलंय?"

आम्ही गेलो. साहेब गंगापूरहून एसटीनं आले, मी रिक्षानं. रूळ चालत ओलांडले. अंगणात माई उभ्या होत्या, आणि आबांची नात नळाखाली हात धरून चिखल करत होती. माईंनी घरातून ती हिरव्या झाकणाची बाटली आणली, विसळली, नळाखाली धरून काठोकाठ भरली आणि साहेबांच्या हातात दिली.

"घ्या," म्हणाल्या, "पिऊन बघा."

साहेब उभ्यानंच प्यायले. गटागटा, एका दमात. बाटली रिकामी झाली तरी ती तोंडापासून खाली घेईनात, तशीच वर धरून राहिले. बाटलीमागं त्यांचा चेहरा दिसत नव्हता, खांदे तेवढे हलत होते. माईंनी जरा वेळ जाऊ दिला. मग पुढं होऊन त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि पुन्हा नळाखाली धरली.

"अजून घ्या," म्हणाल्या. "आता हाय."